कोबी-फ्लॉवरचे उकळलेले पाणी मोरीत ओतू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा आणि अलीकडे ब्रोकोली यांच्या पाककृती येऊ लागतात. गेली २२ वर्षे मी साताऱ्यात घरगुती डबे करून देते, त्यामुळे या पाककृती मी मन लावून वाचते आणि त्यांतली कितीतरी कात्रणे माझ्या वहीत चिकटवलेली आहेत. त्या वहीतल्या निम्म्याहून अधिक पाककृतींत एक वाक्य हमखास सापडते: फ्लॉवरचे तुरे उकळत्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवून, पाणी काढून टाकून, निथळत ठेवावेत. कोबीच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच लिहिलेले असते. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे, कारण या वाक्यामुळे भाजीतले जे घेण्यासाठी आपण ती भाजी आणतो तेच मोरीत जाते, अशी माझी खात्री झालेली आहे.

सुरुवातीची पाच-सहा वर्षे मीही हेच करीत होते. ४० डब्यांची भाजी सकाळी आठच्या आत तयार हवी, म्हणून रात्रीच फ्लॉवर चिरून, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात २०-२५ मिनिटे उकळून, चाळणीत उपसून ठेवायचा आणि पहाटे फोडणीवर परतायचा, असा माझा परिपाठ होता. ओतून दिलेले पाणी पिवळसर असे आणि त्याचा उग्र वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरातून जात नसे. डबे परत आले की भाजीचा कप्पा अर्धा तसाच असायचा. मी आधी मसाला वाढवला, मग तेल वाढवले, मग वरून ओले खोबरे घालू लागले. पण पाण्याकडे माझे लक्ष गेले नव्हते. ते सासूबाईंमुळे गेले. त्यांनी एका रात्री त्या पाण्यात चमचा बुडवून चाखले आणि म्हणाल्या, “भाजी तर या पातेल्यात राहिली, तू फोडणीला टाकणार आहेस तो चोथा.” त्या शाळेत फार शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या म्हणण्यात किती तथ्य होते ते पुढे वाचन वाढल्यावर मला कळले.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या चारही भाज्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची रूपे आहेत. कुणाची पाने फुगली, कुणाचा फुलोरा, तर कुणाचे खोड. मुळा, सलगम, मोहरी आणि बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात तो हळीव ही त्याच कुळातली भावंडे. या कुळातल्या फुलांना समोरासमोर चार पाकळ्या असतात; मोहरीचे किंवा फुलावर आलेल्या मुळ्याचे फूल हातात घेऊन पाहिले तर त्यांची फुली झालेली सहज दिसते. या सगळ्यांच्या अंगात गंधकयुक्त संयुगे असतात. ती ज्या पेशींत असतात, त्यांच्याच शेजारी पण वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचे एक विकर (एन्झाइम), म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारे द्रव्य, असते. भाजी चिरली, किसली किंवा चावली की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून तो झणका तयार होतो, जो कच्चा मुळा खाताना आपल्या जिभेला जाणवतो.

ही गोष्ट समजायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. आपल्या घरी लोणच्यासाठी किंवा कोशिंबिरीसाठी मोहरी फेसली जाते. कोरडी मोहरी नुसती तोंडात टाकली तर फारशी तिखट लागत नाही, तिची कोरडी पूडही निमूट असते. पण त्याच पुडीत थोडे पाणी घालून ती फेसायला लागलो की मिनिटा-दोन मिनिटांत नाकात चढते आणि डोळ्यांत पाणी येते. पाणी मिळाले, विकर जागे झाले आणि त्याने आपले काम केले, एवढेच तिथे घडलेले असते. कोबी चिरताना याच गोष्टीचा सौम्य प्रकार आपल्या विळीवर घडत असतो.

आता या भाजीला खळखळत्या पाण्यात टाकल्यावर काय होते ते पाहू. उष्णतेने विकर निकामी होते, ही झाली एक बाब. दुसरी आणि मोठी बाब अशी की ही गंधकयुक्त संयुगे पाण्यात विरघळणारी आहेत, क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहे आणि फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्वही तसेच आहे, त्यामुळे भाजी जितका वेळ भरपूर पाण्यात उकळावी तितके तिचे सत्त्व पाण्यात उतरते. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली ब्रोकोली, फ्लॉवर, हिरवा कोबी आणि ब्रुसेल्स स्प्राउट्स यांवर हे प्रत्यक्ष मोजून पाहिले होते. अर्धा तास उकळल्यावर ब्रोकोलीतली ७७ टक्के, फ्लॉवरमधली ७५ टक्के आणि कोबीतली ६५ टक्के अशी संयुगे भाजीतून गेलेली आढळली, आणि यातला बराचसा भाग उकळलेल्या पाण्यात सापडला. याउलट २० मिनिटांपर्यंत वाफवण्याने, ५ मिनिटांपर्यंत भरभर परतण्याने किंवा ३ मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याने लक्षात घेण्याजोगी घट झाली नव्हती. म्हणजे सासूबाईंनी चमच्याने जे सांगितले होते, तेच या संशोधकांनी आकड्यांनी सांगितले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. माझा आक्षेप पाणी टाकून देण्याला आहे, पाणी वापरण्याला नाही. फ्लॉवर-बटाट्याचा पातळ रस्सा केला तर जे पाण्यात उतरले ते रश्शातच राहते आणि भाताबरोबर पोटात जाते. पावभाजीसाठी कुकरमध्ये फ्लॉवर शिजवला आणि त्याच पाण्यात घोटला, तरी उष्णतेने जे जायचे तेवढेच जाते, बाकीचे तव्यावर येते. मुळ्याची डाळ घालून केलेली आमटी किंवा डिंगऱ्यांची (मुळ्याच्या शेंगांची) आमटी या बाबतीत अगदी निर्दोष आहे. नुकसान होते ते उकडा, निथळा आणि मग परता या तीन पायऱ्यांच्या पद्धतीत, आणि नेमकी हीच पद्धत सुक्या भाज्यांसाठी छापली जाते.

खरे तर सुक्या भाजीसाठी आपल्याकडे फार चांगली रीत पूर्वीपासून होती. कढईत फोडणी करून त्यावर चिरलेली भाजी टाकायची, मीठ लावायचे, वर खोलगट ताटली झाकायची आणि त्या ताटलीत वाटीभर पाणी ठेवायचे. आजच्या तरुण मुलींना हे पाणी कशासाठी ते ठाऊक नसते. काचेचे झाकण आले आणि ते पाणी गेले. कोबीत शेकडा ९० हून अधिक भाग पाणीच असते. मीठ लागले आणि आच मिळाली की ते सुटते, त्याची वाफ वर जाते, पाण्यामुळे थंड राहिलेल्या ताटलीला लागते आणि थेंब होऊन पुन्हा भाजीवर पडते. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, बाहेरून पाणी घालावे लागत नाही आणि त्यामुळे काढूनही टाकावे लागत नाही. भाजी खाली लागते आहे असे वाटले तर ताटलीतले गरम झालेले पाणी चमचाभर आत सोडता येते, त्यामुळे कढईचा ताव मोडत नाही. माझ्या हाताच्या अंदाजाने पाऊण किलो बारीक चिरलेला कोबी या रीतीने मध्यम आचेवर ६ ते ७ मिनिटांत होतो; रंग हिरवट पांढरा राहतो आणि दाताखाली किंचित करकर लागते. फ्लॉवरचे तुरे मध्यम ठेवले तर ८ ते १० मिनिटे लागतात. देठ जाड असतील तर ते उभे चिरून आधी टाकावेत आणि तुरे तीन मिनिटांनी घालावेत, म्हणजे देठ कच्चे आणि तुऱ्यांचा लगदा अशी गत होत नाही.

घरात जास्त माणसे असतील किंवा माझ्यासारखे मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर मोदकपात्र बाहेर काढावे. ते गणपतीपुरते माळ्यावरून खाली येते आणि वर्षभर धूळ खाते, याचे मला नेहमी वाईट वाटते. फ्लॉवरचे तुरे चाळणीत पसरून ५-६ मिनिटांची दणदणीत वाफ दिली आणि मग थोड्याशा तेलाच्या फोडणीत दोन मिनिटे परतले, की उकळलेल्या फ्लॉवरला जितके तेल लागत होते त्याच्या निम्म्यात भाजी होते, कारण तुऱ्यांत पाणी भरलेले नसते आणि ते सुकवण्यासाठी परतत बसावे लागत नाही. मी ही पद्धत धरल्यापासून महिन्याच्या किराण्यात तेलाचा एक डबा कमी झाला, आणि भाजीचे कप्पे रिकामे परत येऊ लागले.

शिजवण्याच्या वेळेबद्दल आणखी थोडे. कोबी-फ्लॉवरचा जो वास लोकांना नकोसा होतो, तो त्या भाजीचा जन्मजात दोष नाही. भाजी गरजेपेक्षा जास्त वेळ शिजत राहिली की तिच्यातल्या गंधकाच्या संयुगांचे विघटन होऊन तो वाढत जातो. वसतिगृहांतून, मंगल कार्यालयांतून आणि कचेऱ्यांच्या उपाहारगृहांतून तासन्‌तास शेगडीवर राहिलेला कोबी ज्यांनी लहानपणी खाल्ला, ती माणसे मोठेपणी कोबीचे नाव काढले तरी तोंड फिरवतात. माझ्या डब्यांच्या गिऱ्हाइकांत अशी माणसे बरीच होती. त्यांना कोबी आवडत नाही असे मी कधी मानले नाही; त्यांना कोबी नीट मिळाला नव्हता. हिरवा रंग टिकावा म्हणून काही आचारी पाण्यात चिमूटभर सोडा टाकतात, तेही करू नये, कारण त्याने रंग राहतो पण क जीवनसत्त्व आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) यांची नासाडी होते. रंगासाठी झाकण थोडे लवकर काढावे, आणि लिंबू पिळायचे तर भाजी खाली उतरवल्यावर पिळावे.

चिरण्याचेही असेच आहे. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून पाण्यात भिजत घालू नये. चिरल्यावर लगेच कढईत न टाकता ताटात अर्धा तास पसरून ठेवली तर विकराला आपले काम करायला वेळ मिळतो आणि एकदा जे तयार झाले ते नंतरच्या थोड्या आचेत पुष्कळसे टिकते. मात्र आदल्या रात्री चिरून ठेवण्याने क जीवनसत्त्व घटत जाते, म्हणून मी आता पहाटे उठल्यावर सगळ्यांत आधी कोबी चिरते आणि मग कणीक मळायला घेते. कणीक मुरून पोळ्या लाटायला येईपर्यंत कोबीही तयार असतो. कोबीच्या किंवा मुळ्याच्या पराठ्यांसाठी कीस मीठ लावून पिळतात, ते पिळलेले पाणीही फेकण्याचे कारण नाही. त्याच पाण्यात कणीक भिजवावी, फक्त मीठ घालताना हात आवरता घ्यावा.

आता मोहरीकडे परत येते, कारण या सगळ्या विषयातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले ज्ञान तिथे आहे. शिजवताना भाजीतले विकर निकामी होते, मग उरलेल्या संयुगांचे काय, असा प्रश्न राहतो. आतड्यातले जिवाणू त्यांपैकी काही कामाला लावतात, पण ते प्रमाण कमी आणि माणसागणिक वेगळे असते. इंग्लंडमधल्याच रेडिंग विद्यापीठात यावर एक सोपा उपाय तपासला गेला. शिजलेल्या ब्रोकोलीवर कच्च्या मोहरीची पूड घालायची, म्हणजे मोहरीतले विकर ब्रोकोलीच्या कामी येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १२ निरोगी माणसांना २०० ग्रॅम शिजलेली ब्रोकोली एकदा नुसती आणि एकदा १ ग्रॅम मोहरीच्या पुडीसह देण्यात आली. पुडीसह खाल्ल्यावर सल्फोराफेन, म्हणजे विकर त्या गंधकयुक्त द्रव्यापासून जे उपयोगी संयुग बनवते ते, शरीराला चौपटीहून अधिक मिळाले. १२ माणसांचा अभ्यास लहानच म्हणायचा, आणि सल्फोराफेनचे मूळ द्रव्य ब्रोकोलीत जितके असते तितके आपल्या कोबी-फ्लॉवरमध्ये नसते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण विकराचे तत्त्व या सगळ्या कुळाला लागू आहे.

वाचकांपैकी अनेकांना वाटेल, आम्ही तर रोजच फोडणीत मोहरी घालतो. ती मोहरी या कामाची नाही. तडतडणाऱ्या तेलात पडलेल्या मोहरीतले विकर क्षणात संपते. तिथे ती चवीसाठी आणि खमंगपणासाठी असते, आणि तेवढ्यासाठी ती जरूर असावी. उपयोगी पडते ती कच्ची, फेसलेली मोहरी. आपल्या आज्या काकडीच्या कोशिंबिरीत मोहरी फेसून घालत, लोणच्यात तर ती हवीच असे. ही सवय आता कोशिंबिरीतून जवळजवळ गेलीच आहे. मी अलीकडे आठवड्यातून दोनदा कोबी किंवा फ्लॉवर वाफवून, तो कोमट झाल्यावर त्यात दही, मीठ, किंचित साखर, हिरवी मिरची आणि अर्धा चमचा मोहरी फेसून घालते. गरम भाजीत घालत नाही, कारण मग फेसलेली मोहरीही शिजते. पहिल्या दिवशी दोन गिऱ्हाइकांनी फोन करून विचारले की कोशिंबीर नाकात का चढते. आता ती नसली तर विचारणा होते. मुळ्याचा चटका, म्हणजे भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि किसलेला कच्चा मुळा, हाही याच वाटेवरचा पदार्थ आहे, आणि त्यात तर मुळा शिजवायचाच नसतो.

पाल्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. भाजीवाल्याकडे मुळा घेतला की तो पाला मोडून देऊ का असे विचारतो आणि दहातले आठजण हो म्हणतात. मुळ्याच्या कंदापेक्षा त्याच्या पाल्यात क जीवनसत्त्व कितीतरी अधिक असते, शिवाय कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचे घटकही पाल्यातच अधिक असतात. पीठ पेरून केलेली मुळ्याच्या पाल्याची भाजी हा जुना, सोपा आणि स्वस्त पदार्थ आहे. नवलकोलाची कोवळी पाने तशीच करता येतात. फ्लॉवरच्या गड्ड्याला बिलगलेली आतली नाजूक पाने मी बारीक चिरून त्याच भाजीत घालते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

या भाज्यांवर आणखी एक अन्याय होतो आहे, तो भीतीमुळे. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी कोबीतली अळी मेंदूत जाते असा समज घरोघरी पोहोचवला आहे. माझ्याकडच्या एका कुटुंबाने तीन वर्षे कोबी बंद ठेवला होता, तो याच कारणाने. कोबीवर दिसणारी हिरवी अळी बहुधा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. ती पिकाची मोठी शत्रू आहे, पण तिचा माणसाच्या मेंदूशी काहीही संबंध नाही. मेंदूत गाठी करणारा आजार होतो तो फीतकृमी नावाच्या पोटातल्या जंताच्या अंड्यांमुळे, आणि ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती फीतकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि सांडपाण्यावर पिकवलेल्या कोणत्याही भाजीवर, किंवा शौचानंतर हात न धुतलेल्या स्वयंपाक्याच्या हातावरून अन्नात येऊ शकतात. कोबीइतकाच धोका कोथिंबिरीला आणि गाजराला आहे. त्यावरचा उपाय भाजी सोडणे हा नाही. कोबीची वरची दोन-तीन पाने काढावीत, कच्चा खायचा असेल तर पान न्‌ पान वाहत्या पाण्याखाली धुवावे, फ्लॉवरचे तुरे मोकळे करून दहा मिनिटे मिठाच्या कोमट पाण्यात ठेवून मग स्वच्छ पाण्याने धुवावेत, आणि स्वयंपाकाआधी हात साबणाने धुवावेत. व्यवस्थित वाफवलेल्या भाजीत ही अंडी जिवंत राहत नाहीत. अळीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, याच पतंगासाठी कोबीच्या शेतात दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस आहे. पतंग मोहरीकडे ओढला जातो आणि कोबीवरच्या फवारण्या कमी होतात. ज्या शेतकऱ्यांना हे साधते त्यांचा कोबी आपल्या ताटात यावा, असे मनापासून वाटते.

दुसरी भीती थायरॉईडची. माझ्या नणंदेला हा त्रास निघाल्यावर कोबी, फ्लॉवर आणि मुळा आयुष्यभरासाठी वर्ज्य, असे तिला एका दवाखान्यातून सांगण्यात आले आणि तिने ते इतके मनावर घेतले की लग्नाच्या पंगतीत पानात वाढलेली फ्लॉवरची भाजीसुद्धा ती बाजूला सारत असे. या समजाचे मूळ खरे आहे: १९२८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे मुख्यतः कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड, म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीची सूज, झाल्याचे आढळले होते. पण तो ससा दिवसभर कोबीच खात होता. माणसाच्या बाबतीत प्रश्न येतो तो आहारात आयोडीन कमी असेल आणि या भाज्या कच्च्या व फार मोठ्या प्रमाणात खाल्ल्या जात असतील तेव्हा. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरात शिजवलेली वाटीभर भाजी खाण्याने सहसा अपाय होत नाही, आणि शिजवण्याने गलगंडकारक द्रव्ये तयार होण्याचे प्रमाणही घटते. कच्च्या कोबीचा किंवा कच्च्या पानांचा रस रोज पेलाभर पिण्याची जी टूम निघाली आहे, ती मात्र अशा रुग्णांनी टाळलेलीच बरी. नणंदेने नंतर दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारले, त्यांनी शिजवलेली भाजी खायला परवानगी दिली आणि गोळी ठरल्या वेळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा त्याच जातीची गोळी घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेल्या या भाज्या आज खूप आणि पुढे आठवडाभर अजिबात नाही असे न करता प्रमाण सारखे ठेवावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे, हेही याच ओघात नोंदवते. वाताचा त्रास असणाऱ्यांना हिंग, आले आणि सुरुवातीला लहान वाटी यांनी बरेच साधते.

तळलेल्या फ्लॉवरबद्दल फार लिहीत नाही. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४च्या सुरुवातीला गोबी मंच्युरिअनच्या गाड्यांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, तेव्हा या पदार्थाची बरीच चर्चा झाली. माझे म्हणणे इतकेच की फ्लॉवर मैद्यात घोळून, वापरलेल्या तेलात तळून, लाल रंगात बुडवून पोरांना दिला आणि त्यांनी आवडीने खाल्ला, म्हणून त्यांच्या पोटात भाजी गेली असे आईवडिलांनी समजू नये. मुलांना हाच फ्लॉवर लोखंडी तव्यावर, थोडे तेल, आले-लसूण, मिरपूड घालून मोठ्या आचेवर पाच मिनिटे परतून द्यावा. कडा तपकिरी होतात आणि गोडसर चव येते. माझा नातू तो फ्लॉवर जेवणाआधीच ताटलीतून उचलून संपवतो.

या भाज्यांनी कर्करोग बरा होतो, मधुमेह जातो, असे दावेही हल्ली सर्रास केले जातात. तसे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही, आणि आपल्या दैनिकाने असे मथळे कधी देऊ नयेत अशी माझी विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत असे सांगते. डब्यातली वाटीभर भाजी १०० ग्रॅमच्या आसपास भरते. तेवढ्या थोड्या भाजीतले सत्त्व जागेवर राहावे, एवढाच या पत्राचा आग्रह आहे.

म्हणून संपादक महोदय, आपल्या पुरवणीत या भाज्यांची पाककृती छापताना तीन गोष्टी लिहाव्यात: पाणी किती, वेळ किती आणि त्या पाण्याचे पुढे काय करायचे. “मऊ होईपर्यंत” असे लिहिले की नवशिकी मुलगी ती भाजी अर्धा तास शेगडीवर ठेवते, कारण मऊ म्हणजे किती हे तिला कुणी सांगितलेले नसते. उदाहरणादाखल माझ्या वहीतली कोबीची भाजी मी जशी लिहिली आहे तशी देते. कोबी पाऊण किलो, धुऊन बारीक चिरून अर्धा तास ताटात पसरलेला. दोन तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ पाव वाटी. तेल दोन चमचे. मोहरी, हिंग, हळद, तीन हिरव्या मिरच्या आणि कढीलिंबाची फोडणी. आधी डाळ फोडणीत टाकून तीन मिनिटे वाफवावी, मग कोबी आणि मीठ घालून एकदा वरखाली करावे. आत पाणी अजिबात घालू नये, झाकणावर वाटीभर ठेवावे. मध्यम आचेवर सहा मिनिटे, मध्ये एकदा हलवून. मग झाकण काढून मिनिटभर परतावे, खाली उतरवून ओले खोबरे, कोथिंबीर आणि लिंबू.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, सातारा